प्लॅटी एकामागून एक का दगावतात: आरओचे पाणी, धुतलेला स्पंज आणि औषधाचा प्रश्न

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतरांनाही समजेल. पाच आठवड्यांपूर्वी तुम्ही ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी काचेची टाकी घेतली आणि त्याच संध्याकाळी तीत सात प्लॅटी, म्हणजे पिल्ले घालणारे छोटे रंगीत मासे, सोडल्या. त्यांतल्या तीन दगावल्या. उरलेल्या चारांपैकी दोन पर मिटून जागच्या जागी डुलत असतात. पाणी शुद्ध असावे म्हणून तुम्ही पिण्याचे आरओचे पाणी वापरता, दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुता, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून निळे औषधही घालून झाले आहे. मधे एकदा पिल्ले दिसली, पण दुसऱ्या दिवशी एकही उरले नाही. एका लाल प्लॅटीच्या अंगावरचा काळा डाग मोठा होत चालला आहे. या सगळ्यावर आता कोणते औषध द्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते आत्ता कोणतेही औषध देऊ नये. तुमच्या वर्णनात मला संसर्गाची ठळक खूण दिसत नाही. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके नाहीत, तोंडावर किंवा परांवर कापसासारखा थर नाही, मासे खडीवर अंग घासत नाहीत. उलट एक तपशील फार बोलका आहे: तिन्ही मासे मंगळवार ते गुरुवार या दरम्यान गेले, म्हणजे रविवारच्या साफसफाईनंतर दोन ते चार दिवसांत. रोग असा वार पाहून येत नाही. तुमच्या टाकीत दर आठवड्याला एकच घटनाक्रम पुन्हा पुन्हा घडतो आहे आणि मासे त्याला बळी पडत आहेत. हा निष्कर्ष पाण्याची तपासणी न करता, केवळ वर्णनावरून काढलेला आहे, त्यामुळे तो पक्का करण्यासाठी काय मोजायचे ते पुढे सांगतो.

प्रथम पाण्याच्या जातीविषयी. प्लॅटी मूळची मेक्सिकोच्या वेराक्रुझपासून ग्वाटेमाला आणि बेलीझपर्यंतच्या पट्ट्यातली, संथ ओढे, झरे आणि चर यांत राहणारी. गप्पी, मोली आणि स्वोर्डटेल या पिल्ले घालणाऱ्या माशांप्रमाणेच तिला क्षारयुक्त, म्हणजे जड पाणी मानवते. सात ते आठच्या किंचित वर एवढा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि १० ते २५ अंश कठीणपणा ही तिची सोयीची मर्यादा होय. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट इतका कठीणपणा, म्हणजे किमान १८० मिलिग्रॅमच्या आसपास तरी क्षार तिला हवेत. आरओ यंत्रातून येणाऱ्या पाण्यातले बहुतेक सगळे क्षार काढून टाकलेले असतात. माणसाच्या पिण्यासाठी जे पाणी उत्तम, ते प्लॅटीसाठी उपासमारीचे ठरते.

याचे कारण माशाच्या शरीरात आहे. गोड्या पाण्यातल्या कोणत्याही माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाणी सतत आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा भरपूर पातळ लघवी करून जादा पाणी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतल्या विशिष्ट पेशींच्या मदतीने पाण्यातले क्षार पुन्हा आत ओढून घेतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून होणारी गळती कमी राहते. आरओच्या पाण्यात गळती वाढते आणि ओढून घ्यायला क्षार जवळजवळ नसतात. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे अशा परिस्थितीसाठी घडलेले आहेत, प्लॅटी नाही. तिची बरीचशी शक्ती केवळ तग धरण्यात खर्च होते आणि मग खाणे, वाढणे, रोगाशी झुंजणे यांसाठी फारसे काही उरत नाही.

तुम्ही ज्याला डुलणे म्हणता ते एकदा काचेजवळ बसून नीट पाहा. मासा पोहण्याचीच हालचाल करत असतो, शरीर डोक्यापासून शेपटीपर्यंत डावी-उजवीकडे वळत असते, पण तो पुढे सरकत नाही. पाठीवरचा पर अंगाला चिकटलेला असतो, छातीचे पर जेमतेम हलतात आणि खाद्य टाकले तरी तो क्षणभर वर पाहून पुन्हा तसाच डुलू लागतो. पिल्ले घालणाऱ्या माशांत हे लक्षण विशेष दिसते आणि हौशी मंडळी त्याला शिमीज म्हणतात. हा स्वतंत्र रोग नाही. क्षारांची कमतरता, अमोनिया, अचानक बदललेले तापमान अशा कोणत्याही ताणातून ते उद्भवते, पण प्लॅटी आणि मोली यांच्यात ते दिसले की मी पहिला संशय मऊ पाण्यावर घेतो आणि तो सहसा चुकत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे फिल्टर. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. स्पंजवर, खडीवर आणि काचेवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन रूपे थोड्या प्रमाणातही घातक आहेत, तिसरे बरेच सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला नव्या टाकीत साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, थंड किंवा मऊ पाण्यात त्याहूनही जास्त. तुम्ही दर रविवारी स्पंज आणि खडी नळाखाली धुता, तेव्हा त्यांतले बरेचसे जिवाणू वाहून जातात आणि पाण्यात क्लोरिन असेल तर उरलेलेही मरतात. निळे औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, याच जिवाणूंना मारक आहे. त्यामुळे टाकी पाच आठवड्यांची असली तरी फिल्टर प्रत्येक सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. रविवारी अमोनिया शून्य असतो, मंगळवारपर्यंत तो वाढलेला असतो, आणि आधीच थकलेली एखादी प्लॅटी तेव्हा जाते.

इथे एक गुंतागुंत आहे आणि तीच या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक विषारी, तर दुसरे, अमोनियम, बरेच कमी घातक. त्यांचे प्रमाण पीएच आणि तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला पीएच सात असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच हिस्सा पाच टक्क्यांच्या वर जातो. आरओच्या पाण्याचा पीएच बहुधा सातच्या खाली असतो. त्यामुळे तुमच्या टाकीत अमोनिया बराच साठला असला तरी त्याचे पूर्ण विष मऊ पाण्यामुळे झाकले गेलेले असू शकते. माझे वरचे परिच्छेद वाचून तुम्ही आज संध्याकाळीच अर्धी टाकी नळाच्या जड पाण्याने भरली, तर पीएच एकदम वाढेल, साठलेला अमोनिया दहापटीने विषारी होईल आणि उरलेल्या चारही प्लॅटी एका रात्रीत जातील. सल्ला बरोबर आणि क्रम चुकीचा, अशा प्रसंगात मासे गेल्याचे मी अनेकांच्या टाक्यांत पाहिले आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आज खाद्य बंद करा. एक-दोन दिवस न खाल्ल्याने प्रौढ प्लॅटीला काही होत नाही आणि अमोनियाचा मुख्य स्रोत तेवढा थांबतो. नवे औषध घालू नका. फिल्टर अखंड चालू ठेवा. एअर पंप असेल तर तोही लावा, कारण त्रासलेल्या कल्ल्यांना जास्तीत जास्त प्राणवायू हवा. मग थेंबांची टेस्ट किट आणून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि कठीणपणा मोजा. कागदी पट्ट्या स्वस्त असल्या तरी अमोनियाच्या बाबतीत मी त्यांच्यावर विसंबत नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांवर तर अमोनियाचा रकानाच नसतो. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ दाखवणारे यंत्र, घरात असेल तर त्याचा आकडाही लिहून ठेवा, पण तो आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे. पाण्यात नुसते मीठ टाकले तरी टीडीएस वाढतो, कॅल्शियम मात्र वाढत नाही.

अमोनिया लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळला तर पहिला पाणीबदल टाकीत सध्या आहे तशाच पाण्याने, म्हणजे आरओच्याच पाण्याने करा. तीस-चाळीस टक्के पाणी काढून, तेवढ्याच तापमानाचे पाणी हळूहळू आत सोडा. ज्या पाण्याने मासे आजारी पडले तेच पुन्हा घालायला सांगणे विचित्र वाटेल, पण या पायरीचा हेतू पीएच न हलवता अमोनिया पातळ करणे एवढाच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा पाव मिलिग्रॅमच्या आसपास आला की जड पाण्याकडे वळायचे. त्यासाठी रोज टाकीच्या दहा-पंधरा टक्के पाणी काढून त्याजागी क्लोरिन काढलेले नळाचे पाणी घाला. हा बदल आठवडा-दहा दिवसांत पसरवा. पीएच एका दिवसात अर्ध्या एककाहून जास्त वर जाऊ नये.

अमोनिया मुळातच शून्याजवळ निघाला तर पहिली पायरी वगळून थेट दुसरीकडे जाता येईल. नायट्राइट आढळला तर मीठ उपयोगी पडते. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटवतो, मात्र पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर त्याचा शिरकाव बराचसा अडतो. लिटरला एक ग्रॅम साधे जाडे मीठ त्यासाठी पुरेसे आहे. तुमच्या टाकीची बाहेरची मापे गुणली तर ५४ लिटर येतात, पण काचेची जाडी, खडी आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास असेल. तेव्हा ४५ ग्रॅम मीठ वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून, दोन दिवसांत विभागून घाला. मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही, त्यामुळे उडालेल्या पाण्याच्या जागी घातलेल्या पाण्यात पुन्हा मीठ घालायचे नाही. जेवढे पाणी काढले तेवढ्याच्याच हिशोबाने ते भरून काढायचे. मीठ कॅल्शियमची जागा घेत नाही, हेही लक्षात असू द्या. डुलणाऱ्या प्लॅटींना मिठाने काही तासांत बरे वाटताना दिसते आणि मग पाण्याचा कठीणपणा वाढवण्याचे काम मागे पडते. तसे होऊ देऊ नका.

नळाचे पाणी वापरायला तुम्ही का कचरता ते मला समजते. नळाच्या तोंडावर पांढरी पुटे चढतात, किटलीच्या तळाशी थर बसतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे आणि प्लॅटीला नेमका तोच हवा आहे. फक्त क्लोरिनचा बंदोबस्त करायला हवा. नुसते क्लोरिन असेल तर पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याने ते बहुतांशी निघून जाते. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनिया यांचे संयुग, असेल तर ते असे जात नाही. पाणीपुरवठा करणारी यंत्रणा काय वापरते हे कळू शकत नसेल तर अँटी-क्लोरिन, म्हणजे क्लोरिन निष्प्रभ करणारे द्रावण, वापरावे. साधे अँटी-क्लोरिन क्लोरामाइन फोडते, पण त्यातून थोडा अमोनिया मोकळा होतो, म्हणून अमोनियालाही बांधून ठेवणारे मिळाल्यास तेच घ्यावे. ज्यांच्या नळालाच मऊ पाणी येते, त्यांनी शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा मूठभर घेऊन, धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरजवळ ठेवावा. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की तो हळूहळू विरघळतो आणि पीएच वर गेला की विरघळणे आपोआप मंदावते. तुमच्याकडे मात्र याची गरज पडेल असे वाटत नाही.

कठीणपणाचा आणखी एक फायदा आहे. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला आम्ल शोषून घेणारा साठा, म्हणजे कार्बोनेटे, वापरत असतात. आरओच्या पाण्यात हा साठा नसल्यातच जमा असतो. त्यामुळे पीएच घसरतो आणि तो साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणूच मंदावतात. तुमचा फिल्टर तुम्ही कधीच धुतला नसता तरी निव्वळ आरओच्या पाण्यावर तो पूर्ण क्षमतेने उभा राहणे अवघड होते.

पाणी मार्गी लागले की साफसफाईची पद्धत बदला. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलणे तुमच्या टाकीला पुरेसे आहे. सायफनने खडीच्या अर्ध्या भागातला गाळ ओढून घ्या, पुढच्या आठवड्यात उरलेल्या अर्ध्याचा. स्पंजमधून पाणी येणे मंदावले तरच तो बाहेर काढा आणि टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोन-तीनदा पिळा. तो तपकिरी दिसतच राहील. तो रंग पूर्ण घालवायचा नाही, कारण जिवाणूंचा थर त्या तपकिरी पापुद्र्यातच असतो. फिल्टरच्या खोक्यावर स्पंज दर महिन्याला नवा टाका असे छापलेले असते, तिकडे खुशाल दुर्लक्ष करा. ओळखीच्या कोणाची वर्षभर रोगमुक्त चाललेली टाकी असेल तर तिच्यातला जुना स्पंज मागून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवलात तर कित्येक आठवड्यांची वाट पाहणे वाचते. टाकीविषयी शंका असेल तर मात्र तो आणू नका, कारण जिवाणूंबरोबर रोगही येतो.

तापमानाबद्दल फार लिहायची गरज नाही. २२ ते २६ अंश ठीक, दिवस-रात्रीत दोन-तीन अंशांहून जास्त चढउतार नको, आणि तुमच्या टाकीला ५० वॉटचा हीटर पुरेल.

नर-मादीच्या प्रमाणाचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्याच वर्णनातून तो निघतो. तुम्ही चार नर आणि तीन मादी आणल्या होत्या आणि गेलेल्या तिन्हींपैकी दोन मादी होत्या. प्लॅटीचा नर उजाडल्यापासून मावळेपर्यंत मादीच्या मागे असतो. पोटाखालचा मागचा पर नरात काडीसारखा अरुंद आणि टोकदार असतो, मादीत पंख्यासारखा पसरलेला, त्यावरून लहानपणानंतर ओळख सहज पटते. एका नरामागे दोन-तीन मादी असल्या तर त्याचे लक्ष विभागले जाते. तुमच्या टाकीत आता तीन नर आणि एक मादी आहे, आणि ती मादी आधीच अशक्त आहे. शक्य असेल तर तिला स्वच्छ प्लास्टिकच्या टबमध्ये, याच टाकीचे पाणी आणि एक छोटा स्पंज फिल्टर घालून काही दिवस एकटी ठेवा, किंवा दोन नर कोणाला तरी देऊन टाका. टाकीतच ठेवायची असेल तर पृष्ठभागापर्यंत पोहोचणाऱ्या वनस्पतींचा दाट कोपरा तिला लपायला करून द्या. नव्या मादी आणून प्रमाण साधायचा मोह आत्ता टाळा. अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य दिसेपर्यंत एकही नवा मासा नको, आणि तुमच्या टाकीत एकूण सहाच्या वर प्रौढ प्लॅटी नकोत. नंतर आणाल तेही मासे आधी तीन-चार आठवडे वेगळे ठेवून पाहा.

खाद्याचे थोडक्यात सांगतो. दिवसातून दोनदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. प्लॅटी शेवाळ आणि वनस्पतीही खाणारी आहे, त्यामुळे नुसत्या मांसाहारी खाद्यावर ती सुस्त होते आणि पोट फुगते. आठवड्यात एकदा उकडून सोललेला वाटाणा चुरून दिला तर पोट साफ राहते. तुमच्या चार माशांना मात्र सुरुवातीचा उपास संपल्यावर पुढचे पंधरा दिवस दिवसातून एकदाच आणि तेही निम्मे खाद्य द्या.

पिल्ले नाहीशी होण्यात गूढ काही नाही. ती मोठ्या माशांनी खाल्ली, त्यांच्या आईनेही. प्लॅटी अंडी घालत नाही. साधारण चार आठवड्यांनी ती वीस ते चाळीस, कधी त्याहून जास्त, पोहती पिल्ले देते. एकदा नराशी संबंध आल्यावर मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढचे काही महिने नराशिवायही पिल्ले देत राहते. म्हणून नुसत्या मादी आणल्या म्हणजे पिल्ले होणार नाहीत, हा समज खोटा आहे. पिल्ले वाचवायची तर जावा मॉस किंवा तरंगणाऱ्या वनस्पतींची दाट गुंतवळ हा सर्वांत सोपा उपाय. ब्रीडिंग बॉक्सचा मी फारसा चाहता नाही. व्यायच्या बेतात आलेल्या मादीला पकडून त्या चिमुकल्या खोक्यात कोंडले तर ताणाने ती अपुऱ्या दिवसांची, पोटाला पिवळी पिशवी लागलेली पिल्ले टाकते आणि ती बहुधा जगत नाहीत. आजच्या अवस्थेत तुमच्या टाकीत पिल्ले न वाचणे हेच टाकीच्या दृष्टीने बरे आहे. पुढे संख्या वाढली तर ती कोणत्याही तलावात, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आणि अमेरिकेतील फ्लोरिडा इथे माणसांनी सोडलेल्या प्लॅटींनी नैसर्गिक पाण्यात ठाण मांडले आहे, आणि बाहेरून आलेला मासा एकदा पसरला की तो परत काढता येत नाही.

उरला लाल प्लॅटीवरचा काळा डाग. प्लॅटीच्या अंगावर काळा रंग असणे स्वाभाविक आहे. शेपटीच्या मुळाशी मिकी माऊससारखी ठिपक्यांची नक्षी, मागचे अर्धे अंग काळे, काळे पर, असे अनेक वाण मुद्दाम जोपासले गेले आहेत आणि वाढीच्या वयात काळा भाग पसरलेला दिसू शकतो. डाग सपाट असेल, खवले जागच्या जागी असतील, मासा खातपीत असेल तर काळजीचे कारण नाही. डाग उंचवटा धरू लागला, पृष्ठभाग खडबडीत झाला किंवा पराची कड झडू लागली, तर ती काळ्या पेशींची गाठ असण्याची शक्यता आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की ठिपकेदार प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला आणि त्या संकराचा पुन्हा स्वोर्डटेलशी मेळ घातला तर काही पिल्लांत हे ठिपके मेलॅनोमात, म्हणजे त्वचेच्या कर्करोगात, बदलतात. शुद्ध प्लॅटीत जो जनुक नुसता ठिपका देतो त्याला आवर घालणारा दुसरा जनुक संकरात हरवतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. कर्करोगाच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासात हा छोटा मासा त्यामुळे आजही प्रयोगशाळांत पाळला जातो. विक्रीला असलेल्या रंगीत प्लॅटींमध्ये स्वोर्डटेलचे रक्त जवळजवळ नेहमीच मिसळलेले असते, म्हणून अशा गाठी अधूनमधून दिसतात. तो संसर्ग नाही, इतरांना लागत नाही आणि त्यावर टाकीत घालायचे औषध नाही. मासा खात-पोहत आहे तोवर त्याला राहू द्यावे, त्याच्यापासून पुढची पैदास मात्र करू नये.

औषध नको म्हणालो त्याला एक अपवाद सांगून ठेवतो, कारण प्लॅटींमध्ये तो वरचेवर आढळतो. मासा स्थिर असताना त्याच्या गुदद्वारातून तांबडे, केसाइतके बारीक, ताठ धागे डोकावताना दिसले आणि तो हालचाल करू लागताच ते आत ओढले गेले, तर ते कॅमॅलॅनस जातीचे कृमी आहेत. टॉर्च बाजूने धरून, मासा काचेला समांतर उभा असताना पाहिले तरच ते नीट दिसतात. विष्ठेचा लाल धागा लोंबत राहतो आणि शेवटी गळून पडतो, कृमी तसे करत नाहीत. त्यावर लेव्हामिसोल नावाचे कृमिनाशक चालते, त्याची मात्रा पाण्याच्या नेमक्या घनफळावर ठरते आणि पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. नुसत्या संशयावरून ते घालू नका. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा एवढ्याच खुणेवरूनही नको, कारण मासा उपाशी असला किंवा ताणात असला तरी ती तशीच दिसते.

आठवडाभराने पुन्हा लिहाल तेव्हा अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि कठीणपणा हे चार आकडे टाकीच्या पाण्याचे वेगळे आणि एक दिवस बादलीत ठेवलेल्या नळाच्या पाण्याचे वेगळे असे द्या. पाण्यात मीठ घातले असेल तर किती, हेही लिहा. डुलणाऱ्या दोन प्लॅटींपैकी एखादी खाद्यासाठी वर येऊ लागली आणि तिच्या पाठीवरचा पर पुन्हा उभा राहिला, तर जड पाण्याकडे जाण्याचा वेग तसाच ठेवा. श्वास जलद झाला, किंवा मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून राहू लागले, तर त्या दिवशीचा पाणीबदल करण्याआधी अमोनिया पुन्हा मोजा.